एलिमेंटरीत सी आली, आता इंटरमिजिएट. लेकीची तयारी कशी करून घेऊ?

भांडीबाजार | १२ जून

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या भांडीबाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. चित्रकलेतलं मला कळत नाही, म्हणून इथे विचारतोय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नेमकं सांगता येणार नाही.

मुलगी यंदा नववीत गेली. शाळा सुटली की दुकानात येते आणि गिऱ्हाईक नसलं की गल्ल्याशेजारी बसून जुन्या बिलबुकांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढते. समोरच्या दुकानातले काका, हातगाडीवाले, तराजू, जे दिसेल ते. आमच्याकडे कामाला असलेले एक मामा कळशी घासत बसले होते, मान खाली, पाठ आमच्याकडे. तिने ते तसेच काढले. चेहरा दिसतच नव्हता, तरी बाजारात ज्याला कागद दाखवला त्याने मामांचं नाव घेतलं.

गेल्या वर्षी आठवीत तिने एलिमेंटरी दिली, म्हणजे शाळेतल्या मुलांची सरकारी चित्रकला परीक्षा; इंटरमिजिएट ही तिची पुढची पायरी. त्यासाठी तीन महिने क्लास लावला होता. कुठला ते लिहीत नाही, त्याची गरज नाही. तिथे स्मरणचित्राचे, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचे, दहा विषय ठरलेले, प्रत्येकाचं एक तयार चित्र, ते गिरवून गिरवून पाठ करायचं. संकल्पचित्राचंही तसंच. एक फूल, दोन पानं, तीच नक्षी चौकोनात बसवा, तीच गोलात बसवा.

एक दिवस रंगपंचमीचं पाठ केलेलं चित्र घरी घेऊन आली. ही पोर चार वर्षांची असल्यापासून मी तिला तिवंध्याची रहाड दाखवायला नेतो. आधी खांद्यावर बसवून, आता हाताला धरून. रंगाने भरलेला तो हौद, काठावरून पाठोपाठ पडणाऱ्या उड्या, भिजलेल्या भिंती, सगळं तिच्या डोळ्यासमोर असतं. आणि चित्रात काय, तर पिचकारी घेतलेली तीन मुलं आणि मागे नारळाचं झाड. मी म्हटलं, अगं, रहाड का नाही काढलीस? तर म्हणाली, "बाबा, सरांनी सांगितलंय पाठ केलेलंच काढायचं. वेळ वाचतो."

सी ग्रेड आली. ती रडली नाही, पण पुढचे दोन महिने बिलबुकं तशीच कोरी पडून होती. मला ग्रेडपेक्षा त्या कोऱ्या कागदांचं जास्त वाईट वाटलं.

एप्रिलपासून पुन्हा काढायला लागली आहे. आता स्वतःच म्हणते की यंदा इंटरमिजिएट द्यायची. परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी असते, म्हणजे हातात साडेतीन महिने. त्याच क्लासला पाठवावं, दुसरा बघावा, की घरी करून घेता येईल? घरी करायचं तर मी काय करून घेऊ? सामानाची यादी मागच्या वेळी भली मोठी होती, ४८ रंगांची पेटी वगैरे, ते सगळं खरंच लागतं का? नातेवाईक म्हणतात, दहावीला वाढीव गुण मिळतात तेवढ्यापुरती दे आणि सोड. तिचं म्हणणं वेगळं आहे, तिला बारावीनंतर याच वाटेने जायचंय. ती वाट इथून कशी जाते, हेही कोणी सांगितलं तर उपकार होतील.

मला घाई नाही. तिची गोडी पुन्हा जायला नको, एवढंच.

---

सिडकोची आई | १२ जून

दादा, गुणांचं आधी सांगते. इंटरमिजिएटला ए ग्रेड असली तर दहावीला ७, बीला ५ आणि सीला ३ गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा प्रमाणपत्र जपून ठेवा आणि शाळेने मागितलं की वेळेत द्या. आमच्या मुलाच्या वर्गातल्या एकाचं घर बदलताना हरवलं, त्याच्या आईची फार धावपळ झाली.

आणि नववीतच देऊ द्या. दहावीच्या वर्षात सप्टेंबर म्हणजे सहामाहीचे दिवस, तेव्हा घरात रंगाच्या डिश मांडायला कोणालाच उसंत नसते.

बाकी शिकवण्याचं जाणकार सांगतील.

---

ड्रॉइंगच्या बाई | १३ जून

भांडीबाजार दादा, लेकीने पाठमोरा माणूस काढला आणि बाजाराने तो ओळखला, हे वाक्य मी दोनदा वाचलं. माणूस चेहऱ्यावरूनच ओळखू येतो असं थोडंच आहे? त्याच्या बसण्यावरून, खांद्याच्या उतारावरून, मान किती वाकली यावरूनही येतो. तुमच्या मुलीला ते दिसलं. क्लासने तिला शिकवलं काय, तर समोर बघू नकोस, आठव.

मी २६ वर्षं नाशिकच्याच एका शाळेत चित्रकला शिकवते आहे. खरं सांगते, सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा मुलांकडून चित्रं पाठ करून घेत होते. ग्रेड बऱ्या यायच्या, मुख्याध्यापक खूश असायचे. नंतर तीच मुलं रस्त्यात भेटायची, मी विचारायची, काय रे, काढतोस का काही? एकही हो म्हणायचा नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग ते बंद केलं.

इंटरमिजिएटला चार पेपर असतात: स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचं), स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि चौथा भूमिती व अक्षरलेखनाचा. स्थिरचित्रावर जरा थांबून लिहिते, कारण बाकीच्यांचा पाया तिथेच आहे, आणि स्थिरचित्राला लागणारं सगळं सामान तुमच्या दुकानात मांडून ठेवलेलं आहे. आम्ही शाळेत एक चेपलेली कळशी आणि दोन प्लास्टिकची सफरचंदं घेऊन वर्षं काढतो.

दुकानातून एक पितळी तांब्या घरी न्या. नक्षी नसलेला, आणि नवा चकचकीत नको, थोडा काळवंडलेला. पंधरा दिवस रोज तोच काढायचा, दुसरं काही नाही.

पहिले चार-पाच दिवस नुसती पेन्सिल, शेडिंगसुद्धा नाही. पेन्सिल उभी धरायची, हात कोपरात ताठ ठेवायचा, एक डोळा मिटून अंगठ्याने मापायचं. तोंडाची रुंदी उंचीत किती वेळा बसते? पोट सगळ्यात जास्त कुठे फुगलंय, निम्म्याच्या वर की खाली? गळा तोंडापेक्षा किती आत गेलाय? हे मापून झालं की मधोमध एक उभी फिकट रेघ, आणि दोन्ही बाजू त्या रेघेपासून सारख्या अंतरावर.

मग तोंडाचं लंबवर्तुळ. बहुतेक मुलं चुकतात ती इथेच. तोंड छान गोलाईने काढतात आणि बूड मात्र सरळ रेघेने कापून टाकतात, कारण तांब्या टेबलावर सपाट बसतो हे त्यांना माहीत असतं. तुम्ही असं करा. तांब्या हातात घ्या आणि तिच्या डोळ्यासमोर, बरोबर डोळ्यांच्या पातळीला धरा. तोंड नुसती आडवी रेघ दिसेल. आता हळूहळू खाली न्या. रेघ उघडत जाईल, लंबवर्तुळ होईल, आणि पायाशी जमिनीवर ठेवलात की ते जवळजवळ गोल झालेलं असेल. म्हणजे डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते जास्त उघडतं. मग बूड तोंडापेक्षा खाली आहे, तर त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्तच दिसणार, सपाट कशी दिसेल? फळ्यावर हे समजावताना माझा अख्खा तास जातो, तांब्या हातात असला की दोन मिनिटं पुरतात. आणखी एक, लंबवर्तुळाच्या दोन्ही कडांना लिंबासारखं टोक येऊ द्यायचं नाही. तिथेसुद्धा रेघ वळतेच, फक्त पटकन वळते.

त्यानंतरचे दिवस उजेड-सावलीचे. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, डाव्या बाजूला एकच बल्ब लावा. डोळे किलकिले करून बघायला सांगा. बारकावे पुसले जातात आणि तीन गोष्टी उरतात: उजेड, मधला भाग आणि काळोख. आधी तेवढंच लावायचं. टेबलावर पडलेली सावली बुडाला चिकटून सगळ्यात गडद असते आणि लांब जाईल तशी फिकी आणि कडेला पुसट होते. सगळी सावली एकसारखी काळी केली की तांब्या खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो.

पंधरा दिवस तोच तांब्या म्हणजे कंटाळा येईल असं वाटेल. चौथ्या-पाचव्या दिवशी येतोही. तो दिवस ओलांडला की तिला त्यात आधी न दिसलेलं दिसायला लागेल, तेव्हा तिला एकटं सोडा, मध्ये बोलू नका.

जुलैपासून त्याच्या शेजारी एकेक वस्तू वाढवत जा. दोन कांदे, मग एक वांगं, मागे घडी पडलेलं कापड, खाली परात. वस्तू एकमेकींच्या थोड्या आड आल्या पाहिजेत, सुट्या-सुट्या रांगेत उभ्या केल्या तर चित्र होत नाही. आणि कागद भरला पाहिजे. भित्री मुलं कागदाच्या मध्यभागी पेरूएवढं चित्र काढतात. ती तुमच्याकडे बिलबुकाच्या कागदावर काढते ना, तर हात लहान झालेला असणार. मोठ्या कागदावर खांद्यापासून हात फिरवायला शिकवा. परीक्षेला पाव इंपीरियल कागद असतो, साधारण ११ बाय १५ इंच, आता सगळा सराव त्याच मापावर.

स्मरणचित्राबद्दल. बुधवारी तिला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, आठवडे बाजारात न्या, पण कागद-पेन्सिल घरी ठेवून. अर्धा तास फिरा. भाजीवाल्या बसतात कशा, एक गुडघा वर आणि एक मांडी घातलेली. गिऱ्हाईक पिशवी पुढे करतं तेव्हा कमरेत कसं वाकतं. ताडपत्रीची दोरी कशाला बांधली आहे. घरी येऊन काढायचं. पहिल्यांदा निम्मं आठवणार नाही. पुढच्या बुधवारी जाईल तेव्हा जे आठवलं नव्हतं तेच बरोबर बघेल. स्मरणचित्र हे असं वाढतं. आणि रंगपंचमीचा विषय कधी आला तर तिने रहाडच काढावी. तपासणाऱ्यासमोर पिचकारीवाली तीन मुलं दिवसभरात किती वेळा येत असतील, विचार करा.

संकल्पचित्रासाठी क्लासचं ते फूल विसरायला लावा. घरातल्या जुन्या पैठणीचा पदर उघडून बसा. येवला आपल्याच जिल्ह्यात, मोर, पोपट, वेल, सगळं धाग्यांच्या चौकटीत बसवण्यासाठी किती साधं केलंय ते बघा. खऱ्या मोरातलं काय ठेवलं आणि काय सोडलं, हाच संकल्पचित्राचा अभ्यास. एखाद्या रविवारी पांडवलेणी चढून या. तिसऱ्या लेण्याच्या खांबांवर हत्ती आणि बैल बसलेत, आणि खाली अख्ख्या ओवरीचा भार खांद्यावर घेतलेले सहा यक्ष जमिनीतून अर्धे वर आलेत. ते तिला वहीत काढू द्या. मग त्यातलाच एक आकार घेऊन चौकोनात फिरवू द्या, उलटा करू द्या, मागची मोकळी जागा कशी उरते ते बघू द्या.

भूमितीला कंपास चांगला आणि पेन्सिलीला टोक एवढं सांभाळलं की सराव पुरतो. घनभूमितीत अडली तर इथे विचारा. अक्षरलेखनात दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने नाही, डोळ्याने ठरवायचं.

सामान: ४८ रंगांची पेटी नको. १२ पोस्टर कलरच्या बाटल्या पुष्कळ झाल्या, त्यातही पांढरा लवकर संपतो, तो जास्तीचा घ्या. ब्रश तीन, गोल, क्रमांक ३, ६ आणि १०. पेन्सिली एचबी, २बी, ४बी. चांगला खोडरबर, दोन क्लिपा, बोर्ड, पाण्याला रुंद तोंडाचा डबा (तो तर तुमच्याकडे आहेच) आणि सुती फडकं. हिरवा आणि जांभळा बाटलीतून न घेता स्वतः मिसळू दे. पोस्टर कलर वाळला की छटा बदलते, गडद रंग जरा फिका पडतो आणि फिका जरा गडद. म्हणून आधी वेगळ्या कागदावर ठिपका लावून, वाळवून बघायची सवय हवी.

क्लासचं विचारलंत. एखादा वर्ग असा मिळाला की जिथे मुलांच्या मधोमध खरी वस्तू ठेवलेली आहे आणि प्रत्येक मुलाचं चित्र वेगळं दिसतंय, तर जरूर लावा. सगळ्यांची चित्रं एकसारखी दिसली तर दारातूनच परत या.

---

गोदाकाठ | १३ जून

काका, मी बीएफएच्या (चित्रकलेच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, मूळचा पंचवटीतला. पुढच्या वाटेचं मी सांगतो.

बीएफए चार वर्षांचं असतं, बारावीनंतर. बारावी कुठल्याही शाखेतून चालते. प्रवेशासाठी राज्याची कला सीईटी असते. त्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र (म्हणजे स्थिरचित्रच) आणि स्मरणचित्र अशी तीन प्रात्यक्षिकं आणि एक सामान्य ज्ञानाचा पेपर. नावं वाचून लक्षात आलंच असेल, बाईंनी वर जे सांगितलं तेच पुढे चालतं, फक्त अपेक्षा वाढते. म्हणून सातव्या-आठव्या इयत्तेपासून ज्याने खरंखुरं बघून काढलंय त्याला सीईटीसाठी वेगळं असं काही शिकावं लागत नाही. मी स्वतः बारावीत पुन्हा लंबवर्तुळापासून सुरुवात केली, कारण माझंही शाळेत पाठांतरच झालं होतं. वर्ष फार ओढाताणीत गेलं.

आत गेल्यावर वाटा फुटतात. पेंटिंग, शिल्प, उपयोजित कला, टेक्स्टाइल वगैरे. आत्ताच ठरवायची गरज नाही. पण नववीत एक गोष्ट मनात ठेवा: पुढे आर्किटेक्चरचा विचार आला तर बारावीला गणित लागतं. अकरावीला शाखा निवडताना याचा विचार करून ठेवा, नंतर मागे येता येत नाही.

मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासूनचं. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये तिथेच शिकायला गेले होते. नातेवाईक चित्रकलेला नाकं मुरडतात तेव्हा माझी आजी हेच सांगते. आणि नाशिकमध्येही कलानिकेतनचं चित्रकला महाविद्यालय आहे. एकदा लेकीला घेऊन मुलांचं काम बघून या. मी दहावीच्या सुट्टीत पहिल्यांदा एका कला महाविद्यालयात गेलो, जमिनीवर मांडलेली मोठी मोठी चित्रं पाहिली, टर्पेंटाइनचा वास घेतला आणि घरी येऊन बाबांना सांगितलं की माझं ठरलं.

अजून एक. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगचित्रं कुठे बघायला मिळाली तर तिला जरूर दाखवा. तोच आपला घाट, त्याच पायऱ्या, तीच देवळं, रोज जाता-येता दिसणारी. मी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रामकुंडावर वही घेऊन गेलो. तोवर मला वाटायचं चित्र काढण्यासारखं काही आपल्याकडे नाही, त्यासाठी डोंगर नाहीतर समुद्र पाहिजे. सकाळी नारोशंकराच्या देवळाच्या दगडावर ऊन तिरपं येतं, तेव्हा कोरीव काम आपोआप उठून दिसतं. दहा वाजले की सगळं सपाट होतं. तेव्हा जायचं तर लवकर.

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण घाटावर स्केचिंगला बसतो. तुम्ही तिला घेऊन आलात तर आनंद वाटेल. कोणी कोणाला शिकवत नाही, नुसते शेजारी बसून काढतो.

---

भांडीबाजार | ९ जुलै

बाई, दादा, ताई, सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, पण सांगण्यासारखं काही हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

क्लास लावला नाही. दोन ठिकाणी जाऊन आलो, दोन्हीकडे भिंतीवर एकच चित्र वीस वेळा टांगलेलं होतं.

तांब्या घरी नेला. डोळ्यांच्या पातळीला धरून खाली नेण्याचं मी स्वतः करून बघितलं. तीस वर्षं मी भांडी विकतोय, रोज शेकडो तोंडं-बुडं बघतो, पण रेघ उघडत जाताना पहिल्यांदा बघितली. नंतर दुकानात उभा राहिलो तर फळीवरचं प्रत्येक भांडं वेगळंच दिसायला लागलं. वरच्या फळीवरच्या हंड्यांची तोंडं दिसतच नाहीत, मधल्या फळीवर रेघ, खाली घंगाळं पार उघडी. मुलगी म्हणाली, बाबा, हा अख्खा धडा आपल्या मांडणीतच होता.

पाचव्या दिवशी कंटाळली, तुम्ही म्हणाला होता तसंच. आईने लाडीगोडी लावून बसवलं. नवव्या दिवशी तिने तांब्याच्या पोटावर एक बारीक वाकडी खिडकी काढली. मी म्हटलं हे काय? तर आमच्या घराची खिडकीच होती, पितळेत पडलेली. मी जवळ जाऊन बघितलं. खरंच होती, गजांसकट.

तीन रविवार घाटावर गेलो. गोदाकाठ, तुमच्या मित्रांनी तिला फार सांभाळून घेतलं. ती आता बिलबुक सोडून स्केचबुकात काढते, ते भरत आलंय.

आता अडचण. रंगवताना तांब्या पितळेचा वाटत नाही, पिवळ्या प्लास्टिकचा वाटतो. पिवळा लावते, सावलीला त्यात काळा मिसळते, चकाकीला पांढरा ठिपका. आकार बरोबर आहे, बाजारातल्या सगळ्यांनी मान डोलावली, पण धातू येत नाही. फोटो जोडलाय.

---

ड्रॉइंगच्या बाई | १० जुलै

फोटो पाहिला. बुडाची गोलाई अगदी बरोबर आली आहे, तिला आधी हे सांगा.

पितळ पिवळं नसतं, म्हणून ते येत नाहीये. पितळ आरशासारखं आहे, भोवतालचं सगळं त्यात दिसतं, फक्त स्वतःचा रंग थोडा मिसळून. लेकीला खिडकी दिसली तेव्हाच तिला हे कळलं होतं, रंगवताना ती विसरली. मातीच्या मडक्यावर उजेडाकडून काळोखाकडे हळूहळू जातं. धातूवर तसं होत नाही. अगदी उजळ पट्ट्याला लागूनच एकदम गडद पट्टा येतो, आणि दोघांची कड कापल्यासारखी स्वच्छ असते. ती कड तिने ब्रशने चोळून पुसली आहे, म्हणून प्लास्टिक दिसतंय.

काळ्या रंगाची बाटली कपाटात ठेवून द्या. पिवळ्यात काळा घातला की मळका हिरवट रंग येतो, तो फोटोत दिसतोय. मधल्या भागाला यलो ऑकर, त्याहून गडद भागाला बर्न्ट सिएना, आणि सगळ्यात खोल ठिकाणी बर्न्ट अंबरमध्ये थोडा निळा. चकाकीचा पांढरा अगदी शेवटी, एखाद-दोन ठिकाणीच, तोही जाड. बाराच्या पेटीत ऑकर किंवा अंबर नसला तर एकेक बाटली सुटी घ्या. खाली निळं कापड ठेवून बघा, बुडाजवळ पितळेत निळं उतरतं. तिने ते स्वतः शोधू दे, तुम्ही सांगू नका.

त्याच्या शेजारी तांब्याचं एक भांडं ठेवा. दोन धातूंचा फरक नावाने नाही, रंगाने दाखवायला लावा. हे जमलं की स्थिरचित्राच्या पेपरची काळजी सोडा.

---

भांडीबाजार | ४ ऑगस्ट

बाई, पितळ आलं. कालच्या चित्रात निळं कापड बुडाशी उतरलंय, आणि मी सांगितलं नव्हतं. चित्र दुकानात लावलंय. सकाळी एक आजी तांब्या घ्यायला आल्या, त्यांनी चित्राकडे बोट करून तोच मागितला.

अजून एक विचारायचंय. चार दिवस पाऊस लागलाय, धरणातून पाणी सोडलंय, गंगेला पूर आहे. काल संध्याकाळी होळकर पुलावरून नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघायला गेलो, पाणी मूर्तीच्या कमरेच्या वर होतं. लोकांची गर्दी, छत्र्या, पोलीस मागे सारत होते. स्केचबुक नेलं नव्हतं. ती कठड्याला धरून गप्प उभी होती, मी हाक मारली तरी वळली नाही. घरी आल्यावर जेवायच्या आधी बसली आणि अकरापर्यंत काढत होती. मारुती मध्ये घेतला नाही, डावीकडे सारलाय, आणि उजवीकडे सगळं पाणीच पाणी. पुढे कठड्यावर टेकलेल्या माणसांच्या पाठी. त्यात एक माझी आहे, शर्टावरून कळली.

पेन्सिलचं काम झालंय. रंगायला घेतलं तर पाण्यापाशी अडलीय. निळं पाणी तिला पटत नाही, म्हणते काल कुठे निळं होतं? काय लावावं?

---

ड्रॉइंगच्या बाई | ४ ऑगस्ट

बरोबर म्हणते ती, पुरात गंगा निळी नसते. दुधाच्या चहासारखी असते. पांढऱ्यात बर्न्ट सिएना आणि चिमूटभर ऑकर, ढगाळ उजेड म्हणून अगदी थोडा निळा. लांबचं पाणी फिकं, पुलाजवळ येईल तसं गडद. मारुतीला पाणी आपटतं तिथे फेस, तो पांढरा शुभ्र नको, त्याच चहात पांढरा वाढवून.

ब्रश मोठा घ्यायला सांगा, दहा नंबरचा. आणि फटकारे आडवे नकोत, पाणी ज्या बाजूने येत होतं त्या दिशेने. ते तिच्या लक्षात आहे, तिला विचारा.